अ‍ॅक्वेरियन एच२ए हायड्रोफोन आणि झूम एफ३ रेकॉर्डर: कोकणच्या खाडीत काय चालतं, काय नाही

पाण्याखालचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हटलं की आज बहुतेकांच्या यादीत हीच जोडी येते. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात बुडवायचा माइक, अमेरिकेतल्या अ‍ॅक्वेरियन ऑडिओचा एच२ए, आणि रेकॉर्डर झूमचा एफ३. दोन्ही परदेशी आहेत आणि थंड, खोल पाण्यात काम करणाऱ्यांनी त्यांच्यावर भरपूर लिहिलंय. दाभोळ, जयगड, आचरा, देवबाग इथल्या उथळ, कोमट, गढूळ आणि सतत हलत्या पाण्यात ही जोडी कशी वागते, याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. हा रिव्ह्यू त्याबद्दल आहे.

आमचं मत आधीच सांगतो. कोकणासाठी एच२ए पुरेसा आहे. याहून दहापट महाग हायड्रोफोन घेऊन आपल्या खाडीत हाती फार काही जास्तीचं लागणार नाही. पैसे वाचले तर ते दुसऱ्या एच२एवर, चांगल्या बंद हेडफोनवर आणि होडीच्या भाड्यावर घाला. रेकॉर्डिंग फसतं ते टांगण्याच्या पद्धतीमुळे, वेळेमुळे आणि जागेमुळे. यंत्राचा दोष त्यात क्वचितच असतो.

या क्षेत्रात मोजपट्टी म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या नॉर्वेच्या ध्वनिकलाकार याना विंडरेन यांच्याकडे बघितलं की हे मत कुठून आलं ते कळेल. १९६५ साली बूडो इथं त्यांचा जन्म झाला. ओस्लोत त्या गणित, रसायनशास्त्र आणि माशांची परिसंस्था शिकल्या आणि मग लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये त्यांनी कलेचं शिक्षण घेतलं. बॅरेंट्स समुद्र, ग्रीनलंड आणि नॉर्वे इथं हिमनद्यांच्या भेगांत, फ्योर्डमध्ये आणि उघड्या समुद्रात केलेल्या रेकॉर्डिंगमधून त्यांचा 'एनर्जी फील्ड' हा अल्बम उभा राहिला. २०१० मध्ये लंडनच्या टच या लेबलनं तो काढला आणि २०११ मध्ये ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिकाचा डिजिटल संगीत आणि ध्वनिकला विभागातला गोल्डन निका पुरस्कार विंडरेन यांना मिळाला. अल्बमसोबत सामानाची यादीही दिली आहे: डीपीए ८०११ हायड्रोफोनची जोडी, डॉल्फिनइअर प्रो, हवेतल्या आवाजासाठी डीपीए ४०६० माइकची जोडी आणि साउंड डिव्हायसेसचा ७४४टी रेकॉर्डर.

ही यादी वाचून आपल्याकडच्या नवशिक्याला वाटतं की डीपीए ८०११ घेतल्याशिवाय काही खरं नाही. पण त्या पाण्याचा विचार करा. बर्फाखालचं किंवा फ्योर्डच्या तळाचं पाणी कमालीचं शांत असू शकतं. तिथं हायड्रोफोनच्या आतल्या सर्किटची सूक्ष्म खसखससुद्धा ऐकू येते, म्हणून कमी खसखशीच्या यंत्राला पैसे मोजावे लागतात. आपल्या खाडीत ती शांतता नाहीच. इथं दिवसरात्र टिचक्या मारणारी कोळंबी आहे.

अल्फिडी कुळातली ही बोटभर कोळंबी एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी बाळगते. ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की सुटलेल्या पाण्याच्या फवाऱ्यामागे बुडबुडा तयार होतो, आणि आवाज येतो तो बुडबुडा फुटल्याचा. नांगीची दोन टोकं एकमेकांवर आपटल्यामुळे तो येतो अशी पूर्वी समजूत होती. २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्यानं ती खोटी ठरवली. ही जमात उबदार, उथळ पाण्यात राहते, साधारण ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात. कोकण या पट्ट्याच्या बरंच आत पडतं. तिवरांची मुळं, कालवं धरलेले खडक, जेटीचे जुने खांब, यांच्याजवळ हायड्रोफोन सोडला की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू होतो आणि थांबत नाही. याच कवचधारी मंडळींवर विंडरेन यांनी २००९ मध्ये 'द नॉइझिएस्ट गाइज ऑन द प्लॅनेट' ही आख्खी कॅसेट काढली होती. ज्या आवाजासाठी परदेशातले कलाकार विमानानं उष्ण समुद्र गाठतात, तो इथं जेटीच्या पायरीवर बसून मिळतो.

आता यंत्रं. एच२ए अंगठ्याहून थोडा जाड, काळा, रबरी वेष्टणातला. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, खोली ८० मीटरपर्यंत चालते, म्हणजे आपल्या खाड्यांसाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त. संवेदनशीलता उणे १८० डेसिबल (१ व्होल्ट प्रति मायक्रोपास्कल या मापात). सोप्या भाषेत, १ पास्कल दाबाला १ मिलिव्होल्ट. वरची कंप्रता १०० किलोहर्ट्झच्या पुढे जाते. तो दोन प्रकारांत येतो: ३.५ मिमी प्लगचा, जो रेकॉर्डरच्या प्लग-इन पॉवरवर (त्याच वायरीतून मिळणाऱ्या थोड्या व्होल्टच्या विजेवर) चालतो, आणि एक्सएलआरचा (तीन पिनांच्या जाड प्लगचा), जो फँटम पॉवरवर (तशाच मिळणाऱ्या जास्त व्होल्टच्या विजेवर) चालतो. एफ३ला फक्त एक्सएलआर इनपुट आहेत आणि प्लग-इन पॉवर तो देत नाही. तेव्हा एफ३ घेणार असाल तर एक्सएलआरचाच एच२ए मागवा. चुकून दुसरा आला तर फँटमवरून प्लग-इन पॉवर काढून देणारा जोड घ्यावा लागतो. तो मिळतो, पण खाऱ्या हवेत प्रत्येक जादा जोड म्हणजे गंज चढायला एक जादा जागा.

केबल हायड्रोफोनला कायमची जोडलेली असते, बदलता येत नाही. लांबी मागणी करतानाच ठरवावी लागते. आपल्याकडे मोठ्या उधाणाच्या ओहोटीला जेटीवरून पाणी दोन मीटरहून जास्त खाली जातं. त्यात जेटीची उंची, पाण्यातली खोली आणि सावलीत बसायला लागणारं अंतर मिळवा. नऊ-दहा मीटरच्या आत काम भागत नाही. होडीतून वापरायला तेवढी पुरते. वीस मीटरची घेतलीत तर होडीत पायात येईल.

एफ३ मुठीएवढा. दोन एए सेल धरून अडीचशे ग्रॅमच्या आत. त्याला स्वतःचे माइक नाहीत आणि गेनचं, म्हणजे येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारं, बटणही नाही. प्रत्येक इनपुटमागे दोन कन्व्हर्टर, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, आणि फाइल ३२-बिट फ्लोट, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकत्र धरणारी. पाण्याखाली ही सोय खरोखर मोलाची आहे. तिथं पाच मिनिटं फक्त तडतड असते आणि मग अचानक डोक्यावरून आउटबोर्ड इंजिन जातं. गेन आधीच्या आवाजाला लावून ठेवला असेल तर इंजिनाच्या वेळी सगळं फाटतं (आवाजाची टोकं कापली जातात), आणि इंजिनाला लावला तर कोळंबी सर्किटच्या खसखशीत बुडते. एफ३वर ही चिंता मिटते.

पण '३२-बिट आहे, आता काही फाटणारच नाही' असं जे दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं आहे. माइक इनपुटची मर्यादा +४ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप), लाइनवर टाकलं तर +२४. त्यापलीकडे रेकॉर्डरही फाटतो. आणि त्याच्या आधी हायड्रोफोनच्या आतलं छोटं अ‍ॅम्प्लिफायर फाटतं. या कोळंबीची टिचकी एका मीटरवर १८० ते १९० डेसिबलपर्यंत मोजली गेली आहे. (पाण्यातल्या डेसिबलचा संदर्भ १ मायक्रोपास्कलचा असतो, हवेतला २० मायक्रोपास्कलचा, शिवाय माध्यम वेगळं. त्यामुळे 'कोळंबी विमानापेक्षा मोठ्यानं ओरडते' असल्या बातम्यांकडे दुर्लक्ष करा.) १ पास्कलला १ मिलिव्होल्ट या हिशेबानं ही टिचकी एच२एमधून व्होल्टच्या घरात जाते. कालवं धरलेल्या खांबापासून हायड्रोफोन वीतभर अंतरावर ठेवला तर टिचकीचं टोक हायड्रोफोनमध्येच कापलं जातं, आणि मग घरी बसून कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते परत येत नाही. ऐकताना टिचकी सुईसारखी न लागता बोथट 'टप्' लागली, तर हे झालंय असं समजा. दीड-दोन मीटर मागे या.

टांगणं हा या रिव्ह्यूचा मुख्य भाग, कारण इथंच दहातली नऊ रेकॉर्डिंगं वाया जातात.

हायड्रोफोन होडीच्या काठावरून सरळ खाली सोडायचा नाही. होडीला लागणारी प्रत्येक लाट, आतल्या माणसाच्या पायाची हालचाल, वल्ह्याचा ठोका, सगळं केबलवाटे खाली उतरतं. मच्छीमारांकडे जाळ्याचा छोटा बोया असतो, तो घ्या. बोयाला एक हातभर रबर बांधा. सायकलच्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी उत्तम चालते. रबराच्या खालच्या टोकाला केबल बांधा, म्हणजे लाटेनं बोया वरखाली झाला तरी झटका रबरात मरतो. हायड्रोफोनच्या खाली वीतभर नायलॉन दोरीवर ५० ते १०० ग्रॅम शिसं लावा. जाळ्याला लावतात त्याच शिशाच्या गोळ्या चालतात. शिसं हायड्रोफोनला चिकटून बांधलं तर ते त्यावर ठकठक आपटतं, म्हणून वीतभर अंतर हवंच. बोयापासून होडीपर्यंतची केबल सैल, पाण्यावर तरंगती ठेवा; ताणली की होडीचा आवाज पुन्हा आला.

दुसरा शत्रू प्रवाह. भरती-ओहोटीचं पाणी केबलवरून वाहतं तेव्हा केबल तारेसारखी थरथरते. हिशेब सोपा आहे: प्रवाहाचा वेग गुणिले ०.२, भागिले केबलची जाडी. केबल ५ मिमी जाड आणि प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल तर २० हर्ट्झ, एक मीटर असेल तर ४०. हेडफोनमध्ये हा थरथराट 'समुद्राचा खोल गंभीर नाद' म्हणून फसवतो, आणि इंटरनेटवर मिरवणाऱ्या बऱ्याच 'खोल समुद्राच्या' क्लिपमध्ये हाच भरलेला असतो. ओळखायची खूण म्हणजे प्रवाह वाढला की त्याचा सूर चढतो आणि मंदावला की उतरतो. केबलवर सुतळी सर्पिलाकार गुंडाळली, बोटभर अंतराने एक वेढा, तर थरथर पुष्कळ कमी होते. खरा उपाय मात्र वेळेचा आहे. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी थांबतं, तो अर्धा तास गाठा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही थांबण्याची वेळ आखूड आणि आधी-नंतरची ओढ जबर. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो तेव्हा पाणी सुस्त असतं, दोन-दोन तास काम करता येतं. दिवस तिथी बघून ठरवा, आणि खाडीच्या त्या वळणावर पाणी नेमकं कधी थांबतं ते तिथल्या तांडेलाला विचारा. छापील तक्ता बंदराच्या तोंडाचा असतो. खाडीत आत जावं तसं ते उशिरा होतं.

बुडबुडे ही बारीक वाटणारी पण हमखास नडणारी गोष्ट. कोरडा हायड्रोफोन पाण्यात टाकला की रबरावर हवेचे बारीक बुडबुडे चिकटून राहतात आणि वरच्या कंप्रता गिळतात. पाण्यात सोडण्याआधी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं सगळ्या अंगाला चोळा, धुवा आणि मग ओलाच सोडा. त्यानंतर दोन-तीन मिनिटं थांबून रेकॉर्डिंग सुरू करा.

उथळ पाण्याची एक गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाणी जितकं उथळ, तितके खालच्या कंप्रतेचे आवाज कमी अंतर जातात. वाळूचा तळ आणि दोन मीटर पाणी असेल तर साधारण ४०० हर्ट्झच्या खालचं काही लांबवर पोचतच नाही. चार मीटर असेल तर ही मर्यादा २०० हर्ट्झच्या आसपास येते. घोळ, ढोमा या कुळातले मासे पोटातल्या वाताशयाभोवतीचे (हवेच्या पिशवीभोवतीचे) स्नायू थरथरवून आवाज करतात आणि त्याचा मोठा भाग याच खालच्या पट्ट्यात असतो. ओहोटीला गुडघाभर पाण्यात हायड्रोफोन ठेवून 'इथं मासे बोलत नाहीत' असा निष्कर्ष काढू नका. भरतीला, खाडीच्या खोल पात्रात, सूर्यास्तानंतर ऐका. गोव्याच्या दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था माशांच्या आवाजावर बरीच वर्षं काम करते आहे. ज्यांना आवाजावरून मासा ओळखायचा आहे त्यांनी तिथले निबंध वाचावेत. नुसतं कानानं 'हा घोळ' असं ठरवून रेकॉर्डिंगवर नाव घालणं बरोबर नाही.

दोन एच२ए घेऊन स्टिरिओ करायचं असेल तर हवेतलं अंतर चालत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला १५०० मीटरच्या आसपास जातो, हवेच्या सव्वाचारपटीहून जास्त. दोन कानांमधलं १७-१८ सेंटिमीटर अंतर तिथं पाऊण मीटर होतं. आम्ही एक ते दीड मीटर सुचवू. बांबूच्या दोन टोकांना दोन बोये आणि त्याखाली दोन हायड्रोफोन, ही जुळणी खाडीत छान चालते. समुद्रावर लाटेत बांबू फिरतो आणि डावं-उजवं सतत बदलत राहतं, तिथं एकच हायड्रोफोन बरा.

विजेचं. एफ३वर फँटम चालू ठेवलं की एए सेल लवकर उतरतात, त्यांच्या भरवशावर होडीत जाऊ नका. यूएसबी-सीला छोटी पॉवर बँक लावा आणि सेल आतच ठेवा. जेटीवर बर्फ कारखाना किंवा डिझेल पंप असेल तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते. त्यातली काही खरोखर पाण्यातली असते, मोटरची. काही विजेच्या चार्जरमधून येते. चार्जर काढून फक्त सेलवर रेकॉर्डर चालवा. गुणगुण गेली तर ती चार्जरची होती. मच्छीमार बोटीवरचे फिश फाइंडर ५० आणि २०० किलोहर्ट्झवर टिकटिक करतात. १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (त्यात निम्म्या, म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो) रेकॉर्ड केलं तर ५०ची टिकटिक फाइलमध्ये स्वच्छ दिसते. ऐकू येणार नाही, पण फाइल चौपट संथ केली की अचानक समोर येते.

जागेचा हिशेब: ४८ किलोहर्ट्झ, ३२-बिट, दोन ट्रॅक, म्हणजे तासाला सुमारे १.४ जीबी. ९६ला दुप्पट. रोजच्या कामाला ९६ ठेवा, कोळंबी आणि डॉल्फिनसाठी १९२. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत दिसणाऱ्या कुबड्या डॉल्फिनच्या शिट्ट्या ऐकू येण्याच्या टप्प्यात असतात, पण त्यांचे क्लिक १०० किलोहर्ट्झच्याही वर जातात, त्यातला मोठा भाग १९२लाही हातचा सुटतो. त्यांच्या मागे होडी लावून रेकॉर्डिंग करू नका. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि इंजिन चालू असताना फाइलमध्ये इंजिनच मिळतं. इंजिन बंद करून लांब थांबायचं, आले तर आले.

स्वस्तातला पर्याय विचारणारे पुष्कळ आहेत. २७ मिमीची पितळी पिझो चकती (कंपनातून वीज तयार करणारी), शील्ड केलेली वायर, वर इपॉक्सी किंवा रबरी लेप. शंभर-दोनशे रुपयांत घरी होतं आणि शिकायला उत्तम आहे. पण ते थेट एफ३ला लावलं की आवाज पत्र्यासारखा येतो आणि लोक चकतीला दोष देतात. कारण चकतीचं नाही. तिची धारकता २० नॅनोफॅरडच्या आसपास. एफ३च्या माइक इनपुटचा रोध समजा तीन हजार ओहम धरला, तर या दोघांच्या जोडीनं २६०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं. मध्ये एक मेगाओहम इनपुटचा छोटा बफर घातला की ही मर्यादा ८ हर्ट्झवर जाते. एका एफईटीचं (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं) सर्किट आहे, सोल्डरिंग येणाऱ्याला एका संध्याकाळचं काम. तीच चकती जेटीच्या लोखंडी कठड्याला, नांगराच्या साखळीला किंवा फेरीबोटीच्या फळकुटाला चिकटवली तर धातूतला, लाकडातला आवाज मिळतो. त्या कामात एच२ए कमी पडतो, तो पाण्यासाठीच आहे.

पावसाळा वेगळा मांडायला हवा, कारण कोकणात या यंत्राचा सगळ्यात मोठा आनंद तेव्हाच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. एरवी खाडीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज दोन-दोन किलोमीटरवरून येत राहतो. या दोन महिन्यांत तो जवळपास नाहीसा होतो. समुद्रात उतरायचा प्रश्नच नाही. पण आतली खाडी, देवळाची तळी, वाडीतली विहीर आहे. पाण्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज पाण्याखालून ऐकला की थेंबाचा आकार कळतो. एक मिलिमीटरच्या आसपासचा बारीक थेंब पृष्ठभागाखाली बारीक बुडबुडा अडकवतो आणि तो बुडबुडा १४ किलोहर्ट्झच्या जवळ वाजतो. श्रावणातली भुरभुर सर म्हणजे पाण्याखाली चांदीसारखी झिणझिण. आषाढातल्या जाड थेंबांचे बुडबुडे मोठे असतात, आवाज खाली, भरड होतो. एकाच विहिरीत, एकाच खोलीवर, एक मीटरवर हायड्रोफोन ठेवून सर चढताना आणि उतरताना सलग रेकॉर्ड केलं तर हा बदल फाइलच्या स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार कंप्रता दाखवणाऱ्या चित्रावर) डोळ्यांनी बघता येतो. एच२ए स्वतः सीलबंद असल्यानं दमट हवेचं त्याला काही वाटत नाही. साध्या कंडेन्सर माइकचं तसं नाही. जुलैत ते चुरचुरायला लागतात. एफ३ मात्र उघडा आहे, त्याला पावसापासून जपावं लागतं: झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, आत सिलिका जेल, केबलपुरतं भोक आणि त्याला रबरी ग्रोमेट. एसी खोलीतून थेट बाहेर आणलं तर आत दव धरतं. अर्धा तास डब्यातच राहू द्या.

देखभाल सोपी आहे, पण त्याच दिवशी करायची. गोड्या पाण्याच्या बादलीत हायड्रोफोन आणि केबल दहा मिनिटं बुडवा, एक्सएलआर प्लग पाण्याबाहेर ठेवून. सावलीत वाळवा. प्लगच्या पिनांवर हिरवट छटा दिसली की कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि जोडाच्या बाहेरच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट. कालवांची धार केबल कापते, म्हणून खडकावरून ओढू नका, उचलून घ्या. तिवरांत हायड्रोफोन तळाला ठेवला तर कुर्ली (खेकडा) येऊन नांगी लावते. रबर जाड आहे, फाटत नाही, पण त्या क्षणाचा आवाज हेडफोनमध्ये कानठळ्या बसवतो. तिवरांत काम करताना हेडफोनचा आवाज निम्म्यावर ठेवा.

परवानग्यांचं थोडक्यात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं वनविभागाला विचारल्याशिवाय काही पाण्यात सोडू नये. जेटीवरून काळी वायर पाण्यात सोडणारा माणूस संशयास्पद दिसतोच. जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला आणि बंदर कार्यालयाला आधी सांगून ठेवलं तर सगळेच मदत करतात. आणि डोल जाळ्याचे (प्रवाहात खुंट्यांना बांधून ठेवतात त्या जाळ्याचे) खुंटे असतील तिथं खुंट्यांच्या मालकाला विचारल्याशिवाय होडी लावू नका.

हे रेकॉर्डिंग घेऊन परदेशी रेसिडेन्सीला (कलाकारांच्या निवासी कार्यक्रमाला) किंवा उत्सवाला जायचं असेल तर दोन गोष्टी. फाइल ३२-बिट फ्लोटमध्ये तशीच पाठवू नका. पुष्कळ ठिकाणी २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह मागतात, आणि ० डेसिबलच्या वर गेलेली फ्लोट फाइल तशीच बदलली तर वरचं टोक तिथंच कापलं जातं. आधी क्लिपचा गेन उतरवा, मग बदला. दुसरं, सामान. जाताना विमानतळावर कस्टमकडून आपल्या यंत्रांचे अनुक्रमांक लिहिलेलं निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना तीच यंत्रं आयात समजून शुल्क लागत नाही. मोठं सामान असेल तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं परदेशी न्यायचं कस्टमचं कागदपत्र), भारतात ते फिक्की देते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत, म्हणजे २७,००० मिलिअँपिअर-तासांपर्यंत.

किंमत. एच२ए आणि त्यावरचा टपालखर्च, सीमाशुल्क, आयजीएसटी धरला की तो अमेरिकेतल्या किमतीपेक्षा बराच महाग पडतो. दोन एकदम मागवले तर टपालखर्च वाटला जातो. एफ३ भारतात मिळतो, बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊनच घ्या. पहिल्या खरेदीला एक एच२ए, एफ३, बंद हेडफोन, एक पॉवर बँक, तीन-चार बोये आणि सायकलची जुनी ट्यूब. दुसरा एच२ए सहा महिने एकावर हात बसल्यावर.